कुमारांसाठी झपाटलेल्या घराची कथा लिहायची तर

प्रश्न थोडक्यात असा: सातवी-आठवीतल्या मुलांसाठी झपाटलेल्या घराची कथा लिहायला घेतली आहे. घर कोकणातलं, मुलं मुंबईहून सुट्टीला येतात, माळ्यावरची एक खोली कायम बंद असते. तीन प्रकरणं झाली. वर्गात वाचून दाखवली तर मुलं घाबरली नाहीत, हसली. वर एका पालकांनी विचारलं, 'हे अंधश्रद्धा पसरवणं नाही का?' आता भूत बदलावं, की लिहिणंच सोडावं?

सोडू नका. भूतही तूर्तास राहू द्या. कुमारांसाठी भयकथा लिहिणं, दिवाळी अंकांसाठी दुसऱ्यांच्या तपासणं आणि शाळांमधून त्या वाचून दाखवणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. तुमची प्रकरणं वाचली. मुलं भुताला हसलेली नाहीत, घराला हसली आहेत. तुमच्या कोकणातल्या घरात झुंबर आहे, गोल जिना आहे, शेकोटीची चिमणी आहे आणि दिवाणखान्यात तैलचित्र आहे ज्याचे डोळे हलतात. लंबकाचं घड्याळ एकवेळ चालेल, ते खरंच असतं. बाकीचं सगळं मुलांनी पडद्यावर शंभरदा पाहिलंय आणि ते कोकणात नसतं हे त्यांना ठाऊक आहे. ज्या घरावर विश्वास बसत नाही त्या घरातल्या भुतावर कसा बसणार?

म्हणून आधी भूत बाजूला ठेवून एका प्रश्नाचं उत्तर लिहून काढा: हे घर ओस का पडलं? 'भूत आहे म्हणून' हे उत्तर बाद. आपल्याकडे घरं कशी ओस पडतात ते तुम्हाला माहीत आहे. थोरला मुंबईला गिरणीत गेला, धाकटा बडोद्याला, मधला घर सांभाळत राहिला आणि मग त्याला वाटू लागलं की घर आपलंच. वाटणी झाली नाही. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी गेलेली, वारसांची नोंद नाही. कौलं बदलायची तर पैसे कोणी द्यायचे यावर भांडण, विकायचं तर सगळ्यांच्या सह्या हव्यात आणि एक जण सही करत नाही. का करत नाही? इथे तुमची कथा सुरू होते.

दुसरी कारणंही आहेत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तिथून पसरला. घरात उंदीर मरून पडू लागले की माणसं घराला कुलूप घालून गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहायची. साथ ओसरल्यावर परतायची. काही घरांत परतायला कोणी उरायचं नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतले किती वाडे चिखलाने भरले! ज्या माडीवर एका रात्रीत शेजारची तीन बिऱ्हाडं आश्रयाला आली, तिथे काय घडलं असेल? कोयना, उजनी यांच्या पाण्याखाली घरंच्या घरं गेली. उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर दिसतं. तशी एखादी भिंत, एखादा उंबरठा वर आला आणि ज्यांचं घर होतं त्यांची नात तो बघायला गेली, अशीही कथा होऊ शकते. किल्लारीच्या भूकंपाला मात्र मी हात लावू देत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ज्यांनी अगदी लहानपणी आई-बाप गमावले ती माणसं अजून पन्नाशीचीही नाहीत. त्यांच्या मेलेल्यांना भुतं करून मुलांना घाबरवायचा अधिकार आपल्याला नाही, असं माझं मत.

ही चाल नवी नाही. प्लिनी या रोमन लेखकाच्या एका पत्रात, म्हणजे सुमारे १९०० वर्षांपूर्वी, अथेन्समधल्या झपाटलेल्या घराची हकिकत आहे. घर मोठं, पण रात्री साखळ्यांचा खळखळाट. कोणी राहायला तयार नाही, म्हणून भाडं फारच कमी. अथेनोडोरस नावाचा तत्त्वज्ञ ते कमी भाडं बघूनच चौकशी करतो आणि सगळं कळल्यावरही घर घेतो. रात्री दिवा लावून लिहीत बसतो. साखळ्या वाजवत म्हातारा येतो, बोटाने खुणावतो. हा त्याला हातानेच 'थांब जरा' म्हणतो आणि हातातलं लिखाण पुढे चालू ठेवतो! मग त्याच्या मागून अंगणात जातो, म्हातारा दिसेनासा होतो त्या जागेवर पाला टाकून खूण करतो. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांसमोर खणतात तर साखळ्यांत अडकलेली हाडं. त्यांचे रीतसर अंत्यविधी होतात आणि घर शांत होतं. भाडं कमी का, इथून गोष्ट सुरू होते. कुणावर तरी झालेला अन्याय जमिनीत पुरलेला असतो. आणि एक माणूस पळायचं सोडून नीट बघतो. तुमच्या कथेतली तेरा वर्षांची मुलगी हाच अथेनोडोरस आहे, फक्त तिला घरातले 'झोप आता' म्हणतात.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर शनिवारवाडा. ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे अखेरचे दिवस, पगार थकलेले गारदी वाड्यात घुसतात आणि नारायणराव पेशव्यांचा खून होतो. रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. पौर्णिमेच्या रात्री, कोणी म्हणतं अमावस्येच्या, तिथे 'काका मला वाचवा' ऐकू येतं ही दंतकथा पुण्यातल्या प्रत्येक मुलाला पाठ. गंमत अशी की ज्या महालांत हे ऐकू यायचं ते १८२८ च्या आगीत जळून गेले. उरला तो तट, दरवाजे, जोती आणि बाग. घर नाही तरी घर झपाटलेलंच आहे. मग अडीचशे वर्षं ही गोष्ट टिकली कशावर? त्या हाकेत रक्त नाही, तलवार नाही. अठरा वर्षांचा मुलगा जीव वाचवायला ज्याच्याकडे धावला तो काकाच कटात असल्याचं बोललं गेलं. रामशास्त्री प्रभुण्यांनी पुढे दोष ठेवला तो त्याच काकावर. बारा-चौदा वर्षांच्या वाचकाला हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

आता तुमच्या वाचकाबद्दल. आठ वर्षांचं मूल अंधाराला भितं. तेरा वर्षांचं मूल अंधारात मोबाइल बघत बसतं. मग त्याला भीती कसली वाटते? मी शाळांमधून बघत आलोय ते असं: मोठी माणसं आपल्यापासून काहीतरी लपवताहेत, ही त्या वयाची खरी भीती. खोलीत शिरल्यावर बोलणं थांबतं. 'तुला नाही कळायचं.' आजोबांच्या एका भावाचं नाव कुणी घेत नाही. अल्बममधला एक फोटो कापलेला. आई-बाबांचं हळू आवाजातलं भांडण. झपाटलेलं घर म्हणजे ज्या घरात एका विषयावर सगळे एकदम गप्प होतात ते घर. भूत हे त्या गप्प बसण्याचं फळ. एवढं धरून ठेवलंत तर बाकीच्या अडचणी आपोआप सोप्या होतील.

मोबाइलचंच बघा. भयकथा लिहिणारे सगळे मोबाइलवर वैतागलेले असतात. तुम्हीही पहिल्याच पानावर 'रेंज नव्हती आणि चार्जर घरी राहिला होता' करून त्याचा काटा काढलाय. मुलं तिथेच हसायला सुरुवात करतात, कारण युक्ती दिसते. रेंज राहू द्या. तुमची नायिका बंद खोलीच्या दाराचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकते: 'ही खोली कधीपासून बंद आहे?' ग्रुपवर पस्तीस माणसं. सकाळी सुप्रभात टाकणारे, वाढदिवसाला केक टाकणारे, सगळे. संध्याकाळपर्यंत पस्तीसही जणांनी ते वाचलेलं दिसतं आणि उत्तर एकाचंही नाही. रात्री उशिरा पुण्याची आत्या ग्रुप सोडून जाते. यात भूत कुठेही नाही, पण वर्गात हे वाचताना मला चुळबूळ ऐकू आलेली नाही.

घराकडे परत येतो, कारण खरी मजा तिथे आहे. आधी घराचा नकाशा काढा, अगदी पट्टी घेऊन. खळं, पायऱ्या, ओटी, पडवी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणीघर, विहीर. माळ्याचा जिना कुठून चढतो? रात्री मुलीला न्हाणीघरात जायचं तर किती उंबरठे ओलांडावे लागतात आणि त्यातल्या कोणत्या दाराला कडी आहे, कोणत्याला अडसर? जुन्या घरांत बाळंतिणीची खोली काळोखी असायची, एकच लहान खिडकी. माजघरात दिवसाही दिवा लागायचा. हे सगळं वाचकाच्या डोक्यात पहिल्या प्रकरणात, उजेडात, पत्ते खेळताना आणि आंबे खाताना बसलं पाहिजे. म्हणजे पाचव्या प्रकरणात वीज गेली की तुम्हाला काही वर्णन करावं लागणार नाही. वाचक स्वतःच चाचपडेल. भीतीच्या प्रसंगात नवीन खोलीची ओळख करून देणं ही नवोदितांची सगळ्यांत नेहमीची चूक. माणूस ज्या खोलीत दुपारी झोपला होता तिथेच त्याला रात्री भीती वाटते.

घर साक्षीदारही असतं. कौलांचंच घ्या. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये मंगळूरला बाझल मिशनने काढला, आणि पुढे किनाऱ्यावर बरेच कारखाने निघाले. कौलाच्या पोटावर कारखान्याचं नाव ठसठशीत असतं. माळ्यावर चढलेल्या मुलीला दिसतं की सगळ्या घरावर एका कारखान्याची कौलं आहेत आणि बंद खोलीवरच्या तेवढ्या भागात दुसऱ्याच. म्हणजे तेवढंच छप्पर कधीतरी पुन्हा घातलं. का? जळालं होतं? तपास करायला आवडणाऱ्या मुलांना असा धागा दिला की ती कथा सोडत नाहीत. फेरफाराच्या नोंदी, तालुक्याच्या गावी कपाटात पडलेली जमाखर्चाची वही, मोडीतलं पत्र, ही सगळी साधनं मराठी घरात आहेत. मोडी विशेष उपयोगी: कागद हातात आहे, भाषा आपली आहे, आणि तरी एक अक्षर लागत नाही. वाचून देणारा कोणीतरी म्हातारा लागतो, आणि तो वाचता वाचता मध्येच चष्मा काढून ठेवतो.

घर देशावरचं असतं तर मी तुम्हाला पेव वापरायला सांगितलं असतं. धान्य साठवायचं जमिनीतलं हे तळघर बरेच दिवस बंद राहिलं की आतली हवा मारक होते. म्हणून जुनी माणसं आधी कंदील दोरीने खाली सोडायची. विझला तर आत उतरायचं नाही. ज्या वाड्यात पूर्वी कोणीतरी पेवात उतरून वर आलंच नाही, त्या वाड्यात 'खालून कोणीतरी ओढून घेतं' अशी गोष्ट तयार होणारच. मुलं कंदील सोडतात, तो विझतो. यातलं विज्ञान नायिकेला आठवीच्या पुस्तकातून माहीत आहे, तरी तिचा हात थरथरतो.

यावरून एक मुद्दा: शेवटी खुलासा द्यावा की नाही? यावर लेखक दोन तट पाडून भांडतात. मी खुलासे लवकर द्यायच्या बाजूचा आहे. रात्री माळ्यावर पावलं वाजतात. तिसऱ्याच प्रकरणात कळू द्या की ते उदमांजर आहे. तो फुत्कार आणि किंचाळी गव्हाणी घुबडाची. दिवसभर तापलेले वासे रात्री निवताना टकटक वाजतात हे काकांना सांगू द्या, अगदी जांभई देत. वाचक सैलावतो. मग एकच गोष्ट अशी ठेवा जी यातल्या कशातच बसत नाही, आणि ती लहानशी असू द्या.

खुलासा शेवटीच द्यायचा असला तर तो भुतापेक्षा भयंकर हवा. १९२१ मध्ये विल्यम विल्मर या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने एका कुटुंबाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. नव्या घरात आल्यापासून त्यांना रात्री पावलं ऐकू येत, माणसं दिसत, सतत डोकं दुखे, मुलं कोमेजत चालली. घर तापवायच्या भट्टीत बिघाड होता आणि कार्बन मोनॉक्साइड धुराड्यातून बाहेर जायच्या ऐवजी खोल्यांत पसरत होता. म्हणजे भूत नव्हतं, पण घर त्यांना खरोखरच मारत होतं. पुढे इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या विक टँडी या अभियंत्याला प्रयोगशाळेत राखाडी आकृती दिसली, घाम फुटला. शोध घेतल्यावर पंख्यामुळे सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानाला न ऐकू येणारा ध्वनी तयार होत असल्याचं त्याने १९९८ मध्ये मांडलं. या दोन्हींत खुलासा म्हणजे निःश्वास नाही. 'ते सगळं स्वप्न होतं' आणि 'तो तर गडी चादर पांघरून हिंडत होता' हे दोन शेवट मात्र कायमचे विसरा. मुलं पुस्तक फेकतात.

भूत कुठलं? इथे तुम्ही जरा घाई केली आहे. तुमच्या माळ्यावर मुंजा राहतो. मुंजा पिंपळावर असतो, फार तर पारापाशी, विहिरीपाशी. त्याला खोलीत कोंडायचं तर तो पिंपळ सोडून का आला हे सांगावं लागेल. गिऱ्हा पाण्याचा, चकवा वाटेवरचा, वेताळ आपला लवाजमा घेऊन रानात हिंडणारा. ही घरातली भुतं नव्हेत. गावाकडच्या मुलांना हे तपशील आजीकडून माहीत असतात, ती लगेच पकडतात. घरातला म्हणजे समंध: वारस नसताना गेलेला किंवा मालमत्तेत जीव अडकलेला, आपल्या घरावर आणि ठेव्यावर पहारा करणारा. सही न करणारा तुमचा काका आणि हा समंध यांची जोडी आपोआप जुळते बघा. राखणदाराला मात्र खलनायक करू नका. दक्षिण कोकणात आणि गोव्यात तो सीमेचा रक्षक. लोक त्याला नारळ देतात, गाऱ्हाणं घालतात. रात्री वाट चुकलेल्या मुलांना घरापर्यंत सोडणारा, काठीचा आवाज तेवढा ऐकू येणारा असा तो आला तर शोभेल.

आणि लाल आलवणातली, म्हणजे विधवेला नेसायला लावत त्या तांबड्या लुगड्यातली बाई. मराठी भयकथेत ती इतकी आली की तिचा छाप झालाय. डोक्यावरून पदर, विहिरीपाशी उभी, वळली की चेहरा नाही. आजच्या मुलांना आलवण म्हणजे काय ते माहीतच नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी ती फक्त लाल साडीतली बाई. पण ती कोण होती? दहाव्या-बाराव्या वर्षी विधवा झालेली, केस उतरवलेली, मागच्या खोलीत ठेवलेली मुलगी. तुमच्या वाचकांच्याच वयाची. पहाटे सगळ्यांआधी उठायचं, शुभकार्याला समोर यायचं नाही. १८९० च्या सुमारास मुंबईत नाभिकांनीच विधवांचं केशवपन करायला नकार देण्याची चळवळ झाली होती. म्हणजे तेव्हाही हे चुकीचं आहे असं म्हणणारी माणसं होती, आणि तरीही ते चालू होतं. या मुलीला भूत करून तिच्यावर किंचाळायचं, ही तिच्यावर दुसऱ्यांदा केलेली शिक्षा. तुमच्या बंद खोलीत तीच असावी असं मला वाटतं. तिने कोणाचं वाईट केलेलं नाही. घराने तिचं केलं आणि मग घरानेच 'तिकडे जाऊ नका, तिथे ती आहे' म्हणून पोरांना घाबरवलं. अशा कथेत मुलांना भीती वाटते ती तिची नाही, आपल्याच आजोबा-पणजोबांची.

हडळ, जखीण, लावसट यांच्याकडेही असंच बघा. बाळंतपणात गेलेल्या, छळाने मेलेल्या बायका त्या. बायका मेल्या की हिंस्र आणि पुरुष मेले की धनाचे राखणदार, ही वाटणी कोणी केली असेल? कथेत यावर भाषण नको. पण लिहिणाऱ्याला ते माहीत हवं. तसंच 'खालच्या वस्तीतला' म्हणून एखाद्या जातीच्या माणसाच्या नावाने भूत उभं करणं जुन्या गावगप्पांत सर्रास असतं. ते जसंच्या तसं उचलू नका.

पालकांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच येतं. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला बांधून ठेवणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं यांबद्दल आहे. भुताची गोष्ट सांगण्यावर बंदी नाही. बंदी आहे ती भुताच्या नावावर जिवंत माणसाला छळण्यावर. माझा स्वतःचा नियमही तिथेच आहे. कुमारकथेत अंगात येणं, झाडफूक, मांत्रिकाने काढलेला तोडगा आणि त्याने आलेला गुण, हे मी येऊ देत नाही. आलाच मांत्रिक तर तो पैसे घेऊन जातो आणि काही बदलत नाही. कथेतलं भूत खरं असलं तरी चालतं; त्याच्यावरचा उपाय मात्र कुणीतरी खरं बोलणं हाच असावा. त्या पालकांना एवढं सांगा, आणि जमलं तर प्रकरण वाचायला द्या. बहुतेक पालक वाचल्यावर स्वतःच्या गावची गोष्ट सांगत बसतात, आणि ती वेगळी लिहून ठेवण्यासारखी असते.

आता भाषा. तुमच्या दुसऱ्या प्रकरणातला एक उतारा असा आहे: 'अचानक एक भयानक किंकाळी आसमंत चिरत गेली! रुचाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिचं काळीज धडधडू लागलं. अंधारात दोन लालबुंद डोळे चमकत होते...' यात 'अचानक' म्हटलं की अचानकपणा जातो, 'भयानक' म्हटलं की वाचक म्हणतो बघू किती. अंगावरचा काटा, काळीज, कापरं, दातखीळ या सगळ्या वाचकाने करायच्या गोष्टी. पात्राने त्या केल्या की वाचक मोकळा. लाल डोळे तर फ्रीजवरच्या दिव्याचेही असतात.

त्याऐवजी मी काय करीन ते दाखवतो. प्रसंग पक्षपंधरवड्याचा, कारण घर त्या वेळी उघडलं जातं आणि तेव्हा गेलेल्यांची नावं घेतात:

'आईने पानं मांडली. मी मोजली. आठ. आम्ही सात जण होतो.
"एक जास्त झालं," मी म्हटलं.
काकूने आईकडे बघितलं. आईने मीठ वाढायला घेतलं. आठही पानांवर.
जेवताना कोणी त्या पानाकडे बघत नव्हतं. आजोबांना लिंबू हवं होतं, ते त्या पानापलीकडे होतं, तरी त्यांनी मागितलं नाही.
जेवणं झाल्यावर काकूने पानं उचलली. शेवटचं उचलताना थांबली. भात तसाच होता, वरण तसंच, वड्याला कोणी हात लावला नव्हता. डावीकडचं मीठ तेवढं संपलं होतं.'

कुठे एकही उद्गारचिन्ह नाही. घाबरलेलं कोणी नाही, निदान कोणी तसं म्हणत नाही. आणि भुताने केलं काय तर चिमूटभर मीठ खाल्लं. पुढच्या पानावर मुलगी स्वतःच विचारते की तिला मीठ का मिळत नसेल, आणि अळणी जेवण कोणाच्या वाट्याला यायचं याचा शोध सुरू होतो. धागा आलवणातल्या मुलीपर्यंत जातो, उपास आणि अळणी यांच्या त्या जगापर्यंत.

इंद्रियांचा क्रमही लक्षात घ्या. आधी वास, मग आवाज, मग स्पर्श, आणि दिसणं सगळ्यांत शेवटी, तेही अर्धवट. बंद खोलीला वास असतो: वटवाघळांचा, जुन्या गोधड्यांचा, ओल्या जांभ्याचा. या सगळ्यांत ताज्या शेणाने सारवल्याचा वास आला तर? वीस वर्षं बंद असलेल्या खोलीची जमीन कोणी सारवली? हे दिसण्याआधी कळलं पाहिजे. भूत पूर्ण कधीच दाखवू नका. पाठ, हात, ओल्या पावलांचा ठसा जो उंबरठ्यापाशी येऊन थांबतो.

मुलांची टोळी पाच जणांची आहे, ती तीनवर आणा. पाचांत दोघांना काम नाही. एक प्रश्न विचारणारी, एक थट्टा करणारा आणि एक गावातच राहणारा, ज्याला सगळं अर्धं माहीत आहे पण 'आमच्यात ते बोलत नाहीत'. थट्टा करणारा फार महत्त्वाचा. वाचकाला हसावंसं वाटतं तेव्हा त्याच्या तोंडून हसून घ्यावं, म्हणजे तो तुमच्यावर हसत नाही. आणि ज्या क्षणी तो थट्टा करायचं थांबतो, त्या क्षणी वर्ग शांत होतो. गावातल्या मुलाला मालवणी बोलू द्या, पण येत असेल तरच. नाहीतर साधी मराठी बरी. चुकीची मालवणी भुतापेक्षा वाईट.

रक्त, मुलांचे मृत्यू, प्राण्यांचे हाल यांची या वयाला गरज नाही. मुलं स्वतः 'अजून भयानक पाहिजे' म्हणतात, त्याला भुलू नका. त्यांना हवा असतो तो ताण. एखाद्या पात्राचा जीव जाणं कथेत अटळ असेल तर ते भूतकाळात, ऐंशी वर्षांपूर्वी घडलेलं असू द्या. धोका वर्तमानात हवा, पण तो घर हातचं जाण्याचा, कुणीतरी कायमचं अबोला धरण्याचा, नायिकेने आजोबांवरचा विश्वास गमावण्याचा.

शेवटाबद्दल तुम्ही दोन पर्याय विचारले आहेत: खोली जळून जाते, किंवा भूत 'मुक्त' होऊन प्रकाशात विरघळतं. दोन्ही नकोत. प्रकाशात विरघळणं परदेशी पडद्यावरून आलंय, आणि खोली जळाली तर ज्यांनी लपवलं ते सुटले. त्या मुलीला नाव मिळू द्या. घरच्या वंशावळीत मुलींची नावं बहुधा नसतातच. तुमची नायिका ते पेनाने लिहिते आणि आजोबा तिला थांबवत नाहीत, इतकं पुरे. ग्रुप सोडून गेलेली आत्या परत येते की नाही, सही होते की नाही, हे मी मोकळं ठेवीन. मीठ पुन्हा संपतं की राहतं, तेही तुम्ही ठरवा. मला विचाराल तर राहू द्या.

लांबी आहे त्याहून कमी करा. या वयाला एक प्रकरण शाळेच्या एका तासात वाचून व्हावं आणि मागे दहा मिनिटं बोलायला उरावीत. दुरुस्त केलेलं पहिलं प्रकरण दिवसा, खिडक्या उघड्या ठेवून, बाहेर मधल्या सुट्टीचा गोंगाट चालू असताना वाचा. दिवे मालवून आणि आवाज घोगरा करून कशालाही भीती वाटते, त्यावरून मजकुराची परीक्षा होत नाही. वाचताना हातात पेन्सिल ठेवा आणि मुलं जिथे बाकावर सरकतात, दप्तर उघडतात, तिथे ओळीला खूण करा. त्या ओळी काढून टाकल्यावर उरेल ते मला पाठवा, आणि सोबत घराचा नकाशाही जोडा.